सम गेली कुठे? – सालसाचा मोठा ताफा ऐकताना

ठेकेदार

उन्हाळ्यात आमच्या न्यू जर्सीतल्या गावच्या पार्कात शनिवारी संध्याकाळी फुकट गाणंबजावणं असतं. चटई, थर्मास आणि चिवड्याचा डबा घेऊन जायचं आणि अंधार पडेपर्यंत बसायचं. बहुतेक वेळा कुणीतरी गिटार घेऊन जुनी गाणी म्हणतं आणि आपण चिवडा संपवतो. मागच्या शनिवारी मात्र गाडीतून उतरतानाच बायको म्हणाली, "आज बराच मोठा कुटुंबकबिला दिसतोय."

मंचावर सालसाचा, म्हणजे क्युबा-पोर्तो रिकोकडच्या नाचाच्या संगीताचा, ताफा होता. १२ माणसं. पियानो, बास, तिंबालेस-काँगा-बोंगो ही चर्मवाद्यं, दोन ट्रंपेट, दोन ट्रॉम्बोन आणि पुढे तीन गायक. पोर्तो रिकन घरांतली मंडळी. दिवसा कुणी प्लंबर, कुणी शाळेत शिकवणारा, हे नंतर कळलं.

मी लहानपणापासून तबला शिकलोय ('शिकलोय' हे गुरुजींच्या कानावर गेलं तर माझी धडगत नाही). त्यामुळे काहीही कानावर पडलं की आधी सम शोधायची सवय. ती सापडली की जीव भांड्यात पडतो, मग बाकीचं ऐकायचं. इथे जीव भांड्यात पडेचना. पाय हलतोय, अंग हलतंय, शेजारची दोन वर्षांची पोर उड्या मारतेय, पण सम काही हाती लागेना.

मग एकट्या बासकडे कान दिला तेव्हा उलगडा झाला. हा शहाणा 'एक'वर वाजवतच नाही! आठ मोजा. बास चौथ्यावर आणि सातव्यावर वाजतो, आणि सातव्याचा सूर लांबवत पुढचा 'एक' ओलांडून जातो. वर तो सूर पुढच्या घरातल्या, म्हणजे पुढच्या आठाच्या, कॉर्डचा असतो. म्हणजे पाहुणा दारात यायच्या आत त्याचं ताट वाढून तयार. काँगावाला तिसऱ्यावर चापट मारतो आणि सातव्या-आठव्यावर दोन मोकळे, घुमणारे ठोके देतो. दोघं मिळून आपल्याला समेच्या उंबऱ्यापर्यंत आणतात आणि तिथेच सोडून देतात. आत कुणीच जात नाही, म्हणून आपणच पाय आपटत आत जातो. नाचायला होतं ते बहुधा यामुळेच.

क्लावेबद्दल वाचलं होतं. पाच ठोक्यांचा साचा, एका अर्धकात तीन आणि दुसऱ्यात दोन, सगळं संगीत त्यावर उभं. एका गायकाने पहिल्या दोन गाण्यांत त्या दोन जाड काठ्या वाजवल्या आणि खाली ठेवून दिल्या. पुढचा दीड तास क्लावे कुणीच वाजवली नाही, तरी ती चालूच होती. मी उत्साहात टाळ्या धरल्या. शेजारच्या खुर्चीत सत्तरीच्या एक आजीबाई होत्या. त्यांनी दोन मिनिटं सहन केलं, मग "नो, नेने, नो" म्हणत सरळ माझं मनगट धरलं, एक फेरी थांबवून ठेवलं आणि योग्य जागी सोडलं. मी तीनची बाजू दोनच्या जागी वाजवत होतो. त्यांच्याकडे याला 'क्रुसादो' म्हणतात, आडवं गेलेलं. पाचही ठोके बरोबर, फक्त उलट्या अर्धकावर. आपल्याकडे खाली-भरीची अदलाबदल केल्यावर गुरुजी जसं बघतात, तसंच त्या बघत होत्या.

आणि एक क्षण. गाण्याची कडवी संपत आली तसा बोंगोवाला खाली वाकला, मांडीतले बोंगो जमिनीवर ठेवले आणि पायाशी पडलेली काऊबेल, म्हणजे धातूची घंटा, उचलली. जाड लाकडी दांडक्याने पहिला टोला दिला आणि सगळं पार्क उठून उभं राहिलं. थर्मास लवंडला. आवाज तेवढाच होता, माणसं तेवढीच होती. मग बदललं काय?

प्रश्न हाच. १२ माणसं एकदम वाजवतात तरी कल्ला का होत नाही, आणि तो जोर येतो कुठून? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

शंकेखोर

लेख छान, पण मला हा प्रकार फार वेळ ऐकवत नाही. पहिली पाच मिनिटं मजा, मग वरातीत सापडल्यासारखं वाटतं. कीर्तनात एक पखवाज, एक पेटी आणि टाळ पुरतात की. १२ माणसं लागतात म्हणजे एकेकाला कमी येत असणार. कृपया हलके घ्या.

ताशा९८

शंकेखोर, वरातीला नावं ठेवू नका :)

पुण्यात पथकात सहा वर्षं ताशा वाजवला, त्यातून एक सांगतो. आमच्याकडे ४० ढोल एकच हात वाजवतात. जोर एकजुटीतून येतो, छातीत बसतो. ठेकेदारांनी मला पाठवलेल्या क्लिपमध्ये बरोबर उलटं आहे, कुणीच दुसऱ्याचं वाजवत नाही. प्रत्येकाला दोन-तीन जागा दिल्यात, तिथेच मारायचं, बाकीच्या जागा शेजाऱ्याच्या. चाळीतल्या सार्वजनिक नळासारखं: वेळा ठरलेल्या, म्हणून भांडण नाही.

तिंबालेस बघून तर घरचंच वाटलं. पातळ काठ्या, ताणलेलं कातडं, धातूचं भांडं. तो मधूनच कडेवर एक कडक ठोका देऊन तर्री घेतो आणि परत कडक ठोक्यावर संपवतो, त्याला काय म्हणतात?

आणि ती काऊबेल म्हणजे आमचा टोल! टोल चुकला की अख्खं पथक सांडतं.

खर्जातला

@ताशा९८: त्याला अबानिको म्हणतात, म्हणजे पंखा. भाग बदलणार असल्याची ती वर्दी. टोलची उपमा एकदम चपखल, आणि ठेकेदारांच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

कडवी चालू असताना बोंगोवाला 'मार्तियो' वाजवतो, म्हणजे हातोडी. बारीक, अखंड टकटक. तिंबालेसवाला तेव्हा कातड्यावर न वाजवता भांड्याच्या धातूच्या अंगावर वाजवतो. त्या नक्षीचं नाव कास्करा, साल किंवा टरफल. सगळं दबलेलं, बास आणि काँगा 'एक' टाळतायत. मग मोंतूनो येतो, म्हणजे गायकाची उत्स्फूर्त ओळ आणि कोरसचं ठरलेलं उत्तर यांचा भाग. तिथे बोंगोवाला घंटा घेतो आणि तिच्या रुंद तोंडावरचे भारी ठोके 'एक' आणि 'तीन'वर देतो, म्हणजे आठच्या मोजणीत पहिल्या आणि पाचव्यावर. इतका वेळ जी जमीन तुम्ही मनात धरली होती, ती कुणीतरी पहिल्यांदा मोठ्याने वाजवून दाखवतं. म्हणून थर्मास लवंडला.

ठेकेदारांच्या खाली-भरीच्या उपमेला एक दुरुस्ती मात्र. क्लावे १६ च्या मोजणीत १, ४, ७, ११, १३ वर येते हे खरं, पण म्हणून तिला तीनतालाची बहीण करू नका. ताल आवर्तनात फिरतो आणि समेवर विसावतो. क्लावे विसावत नाही. तीनची बाजू ओढते, दोनची बाजू सोडते, एवढंच. शिवाय गाणं दोनच्या बाजूनेही सुरू होऊ शकतं. मग तेच ठोके ३, ५, ९, १२, १५ असे पडतात. चालीचा तोल कुठल्या बाजूला आहे त्यावर ते ठरतं आणि एकदा ठरलं की पूर्ण ताफा ते पाळतो. बासचे चौथा आणि सातवा हे ठोके तीनच्या बाजूच्या दुसऱ्या-तिसऱ्या ठोक्यांवरच बसतात, हे मोजून पाहा. म्हणून काठ्या खाली ठेवल्या तरी क्लावे ऐकू येत राहते.

शंकेखोर

बरं, हे पटलं. पण मग पाच माणसांत का भागत नाही? चार पितळी भोंगे कशाला?

खर्जातला

भागत होतं की. क्युबात सोन हा प्रकार सहा-सात जणांत चालायचा. गिटार, त्रेस (तिचीच क्युबन बहीण), बास, बोंगो, माराकास (खुळखुळे), क्लावे, फार तर एक ट्रंपेट. १९४० च्या दशकात आर्सेन्यो रोद्रिगेस या अंध त्रेसवादकाने त्यात काँगा, पियानो आणि जास्तीचे ट्रंपेट आणले. त्याच सुमाराला न्यूयॉर्कमध्ये माचितोचा 'आफ्रो-क्युबन्स' हा ताफा उभा राहिला, १९४० मध्ये. त्याचं संगीत सांभाळणारा मारिओ बाउसा अमेरिकन जॅझच्या मोठ्या बँडांत, चिक वेब आणि कॅब कॅलोवेकडे, ट्रंपेट वाजवून आलेला. त्याने जॅझचे ट्रंपेट-सॅक्सोफोनचे जथे घेतले आणि क्लावेवर बसवले. म्हणजे भोंग्यांनाही ढोलकीची शिस्त लावली. मोठ्या सालसा ताफ्याचं घराणं तिथून सुरू होतं असं माझं मत. मग पॅलेडियम नाचघरात माचितो, तितो पुएन्ते आणि तितो रोद्रिगेस यांची चुरस लागली.

नाचरी_पुणेकरीण

मी गेली चार वर्षं कोथरूडला सालसा शिकतेय आणि आज पहिल्यांदा कळलं की मी काय करत होते. आमचे सर 'ऑन टू' शिकवताना सारखं म्हणायचे, "काँगाची चापट ऐका." मला फक्त एक-दोन-तीन ऐकू यायचं. ती चापट दुसऱ्या बीटवर (तुमच्या आठच्या मोजणीत तिसऱ्यावर) पडते आणि तिथेच पाऊल मोडायचं असतं. इतके दिवस मी सरांच्या पायाकडे बघून नाचत होते, काय सांगू.

एक सांगते, क्लासमध्ये वाजतात ती स्टुडिओत गुळगुळीत केलेली गाणी आणि खरा ताफा यांत फार फरक आहे. रेकॉर्डवर चार मिनिटांत आटपतं. मुंबईत एकदा दहा-अकरा जणांचा बँड ऐकला. एकच गाणं पंधरा मिनिटं चाललं, कारण लोक नाचत होते. गायक नाचणाऱ्यांकडे बघून ओळी रचत होता. माझ्या जोडीदाराच्या केशरी बुटांवरसुद्धा एक ओळ झाली म्हणे. स्पॅनिश येत नसल्याने अपमान होता की कौतुक ते कळलं नाही.

बोंगोकाका

उशिरा आलो. १९७९ पासून न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये आहे, त्यामुळे थोडं जास्त बोलणार, सांभाळून घ्या.

शंकेखोर, वर गमतीत लिहिलंत की एकेकाला कमी येत असणार. एल ग्रान कोम्बो दे पोर्तो रिको ऐका. १९६२ मध्ये पियानोवाल्या राफाएल इतिएरने काढलेला ताफा. त्याला 'सालसाचं विद्यापीठ' म्हणतात. दोन सॅक्सोफोन, दोन ट्रंपेट, एक ट्रॉम्बोन, आणि पुढे गायक एका पावलात नाचतात. सगळं इस्त्री केल्यासारखं. अँडी मोंतान्येसचा आवाज म्हणजे ताफ्याची ओळख. तो १९७७ मध्ये सोडून गेला. लोक म्हणाले, संपलं. काही संपलं नाही. मोठा ताफा एका माणसावर उभा नसतो, ज्याच्या त्याच्या जागेवर उभा असतो. जागा भरली की ताफा चालतो.

दुसरं टोक एडी पाल्मिएरी. १९६१ मध्ये 'ला पेर्फेक्ता' काढला तेव्हा ट्रंपेटांच्या जागी ट्रॉम्बोन घेतले आणि सोबत बासरी. तेव्हा बासरी-व्हायोलिनवाले 'चारांगा' ताफे लोकप्रिय होते. थोरला भाऊ चार्ली याने गमतीत याला 'ट्रॉम्बांगा' नाव ठेवलं. बॅरी रॉजर्सचा ट्रॉम्बोन ऐकून बघा, म्हैस हंबरल्यासारखा सुरू होतो आणि माणसासारखा बोलायला लागतो. पाल्मिएरींना प्रत्यक्ष ऐकलं तेव्हा दुसऱ्या रांगेत होतो. वाजवताना ते घशातून गुरगुरायचे आणि ते माइकमध्ये यायचं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये गेले. त्या रात्री घरी कुणाशी बोललो नाही.

आजचं ऐकायचं तर स्पॅनिश हार्लेम ऑर्केस्ट्रा. १३ माणसं, म्हणजे ठेकेदारांच्या पार्कातला संच अधिक एक बॅरिटोन सॅक्सोफोन. तो खाली ट्रॉम्बोनांना बूड देतो. ऑस्कर एर्नांदेसच्या रचना, ७० च्या दशकातला जुना बाज, वाजवणं मात्र लख्ख.

ताशा९८

काका, फानिया ऑल स्टार्स राहिले ना, फानिया रेकॉर्ड कंपनीचा तो बड्या कलाकारांचा ताफा! यँकी स्टेडियम!

बोंगोकाका

राहिले नाहीत, मुद्दाम ठेवले. माझं मत लोकांना आवडत नाही.

२४ ऑगस्ट १९७३, यँकी स्टेडियम, ४० हजारांहून जास्त लोक. रे बारेतो आणि माँगो सांतामारिया यांची काँग्यांवर जुगलबंदी लागली आणि लोक कठडे ओलांडून मैदानात घुसले. कार्यक्रम तिथेच आटोपला. आधी १९७१ मध्ये चीता क्लबात झालेली रात्रही गाजलेली. जोर म्हणाल तर याहून जास्त कुठे नाही. पण तिथला प्रत्येक जण स्वतःच्या ताफ्याचा धनी. सगळे मल्ल एका आखाड्यात उतरल्यासारखं, डोळे दिपतात, पण घडी दिसत नाही. मला घडी आवडते. वर्षानुवर्षं एकमेकांशेजारी बसलेली माणसं ज्या तऱ्हेने श्वास घेतात, ती ऑल स्टार्समध्ये कशी येणार?

खर्जातला

काका, असहमत. चीता क्लबातलं ध्वनिमुद्रण पुन्हा ऐका. ताफ्याचा म्होरक्या जॉनी पाचेको हातवारे करून कोरस थांबवतो, एकेकाला पुढे काढतो, परत सगळ्यांना आत घेतो. ही घडीच आहे, फक्त समोर बसून घातलेली. आपल्याकडच्या मैफलीसारखी.

बोंगोकाका

पाचेकोचे हातवारे मान्य. बाकी चर्चा तुम्ही क्वीन्सला आलात की, कॉफी माझ्याकडून.

सासष्टीकर

मडगावहून. थोडं अवांतर, पण धाग्याला धरून.

आमच्या गोव्यातली मुलं चर्चच्या शाळेत सोल्फेज (स्वरलिपी बघून गाणं) शिकून मुंबईला गेली आणि हॉटेलांतल्या बँडांत, मग फिल्मी ऑर्केस्ट्रांत ट्रंपेट-सॅक्सोफोन वाजवू लागली. चिक चॉकलेट, सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली ठळक नावं. बोंगो-काँगा हिंदी सिनेमात रुजवण्यात कावस लॉर्ड यांचा मोठा वाटा. सी. रामचंद्र, म्हणजे आपले चितळकर अण्णा, यांच्याकडे चिक चॉकलेट साहाय्यक होता. 'अलबेला' १९५१ चा; त्यातली ती नाचरी वाद्यं ऐका. माझे एक आजोबा अशाच बँडांत दुसरा ट्रंपेट वाजवायचे. ते म्हणत, पहिला ट्रंपेट टाळ्या घेतो, दुसरा सूर सांभाळतो.

पण आपल्याकडे आला तो लॅटिन रंग. क्लावे आली असं मला वाटत नाही. बोंगो आले ते केहरव्याच्या शेजारी बसले आणि 'एक'वर ठणकावून वाजले. त्यात वाईट काही नाही, आपल्या कानाला तेच हवं होतं.

नाचरी_पुणेकरीण

@सासष्टीकर, दुसऱ्या ट्रंपेटचं वाक्य वहीत लिहून घेतलं.

रक्तात असावं लागतं म्हणणाऱ्यांसाठी: तोक्योचा 'ओर्केस्ता दे ला लूज' ऐका. सगळे जपानी, १९८४ मध्ये सुरू झालेला ताफा, आणि १९९० च्या सुमाराला त्यांची तबकडी अमेरिकेतल्या लॅटिन लोकांनी डोक्यावर घेतली. आणि कोलंबियातलं काली गाव! तिथले नाचणारे ३३ च्या तबकड्या ४५ च्या वेगावर लावून नाचायचे, म्हणून तिथलं पायकाम अजून इतकं चपळ.

ठेकेदार

धागा इतका रंगेल असं वाटलं नव्हतं. सर्वांना दंडवत.

खर्जातला यांनी सांगितल्यावर काल परत गेलो, फक्त भोंग्यांकडे बघत बसलो. मोंतूनो चांगला तापला तसा मागच्या ओळीतल्या थोरल्या ट्रॉम्बोनवाल्याने शेजाऱ्याच्या कानात काहीतरी गुणगुणलं. चार-पाच सुरांचंच. शेजाऱ्याने मान हलवली, दोघांनी ते सुरू केलं. दोन घरांचा तुकडा, परत परत तोच. तिसऱ्या फेरीला ट्रंपेटवाल्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि ट्रॉम्बोन जिथे श्वास घेत होते नेमक्या तिथे आपला तुकडा टाकला. कागदावर यातलं काही नव्हतं; पुढ्यातली पानं तर वाऱ्याने उडू नयेत म्हणून कपड्याच्या चिमट्यांनी बंद केलेली. याला मोन्या म्हणतात असं आजीबाईंनी सांगितलं. बसवलेला भाग तो माम्बो, जागेवर सुचलेली ती मोन्या.

पियानोवाला या सगळ्यात एकच घाट फिरवत होता. तबल्याच्या सोलोला पेटीवाला लेहरा धरतो ना, तसाच. मी इतकी वर्षं लेहरा धरणाऱ्याकडे कधी बघितलंच नाही, नजर सगळी तबल्यावर. काल पाऊण तास त्याचे हात बघितले. घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर आला होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

ताशा९८

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. पथकात क्लावेवर एक हात बसवायचा विचार आहे. पथकप्रमुख हाकलतील बहुतेक.

शंकेखोर

मंडळी, कबुली देतो. काल रात्री एल ग्रान कोम्बो लावून स्वयंपाकघरात ओट्यावर उलथन्याने १, ४, ७, ११, १३ वाजवायचा प्रयत्न केला. काऊबेल कधी येते ते आता कळतं, आधीच कळतं. बायको म्हणाली, पोळ्या करायच्या असतील तर बाजूला व्हा. पण दर वेळी ११ वर चुकतो. लवकर पडतो हात.

ठेकेदार

सगळ्यांचा तिथेच पडतो. सातनंतर हात उचलूनच धरा. ८, ९, १० रिकामे जाऊ द्या. नववी आपल्याकडेही खालीच असते.